'अ लिटल नाइट म्युझिक'चा सिनेमा एवढा का फसला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नक्की कुठल्या सिनेमाबद्दल बोलताय?

१९७७ चा, एलिझाबेथ टेलरवाला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९७३ साली याच नावाचं म्युझिकल, म्हणजे संगीत नाटक, आलं होतं, गाणी आणि संगीत स्टीफन साँडहाइमचं, संहिता ह्यू व्हीलरची, दिग्दर्शन हॅल प्रिन्सचं. त्या नाटकावरून हा सिनेमा. नाव मोत्सार्टच्या प्रसिद्ध रचनेच्या जर्मन नावाचं सरळ इंग्रजी भाषांतर आहे, त्यामुळे शोधायला गेलात तर आधी मोत्सार्टच समोर येतो, गोंधळू नका.

गोष्ट काय आहे? मला अर्ध्यातच कोण कुणाचं कोण ते कळेनासं झालं.

सगळ्यांचंच होतं तसं. काळ साधारण १९०० चा. फ्रेडरिक एगरमन नावाचा मध्यमवयीन वकील आहे, त्याने अठरा वर्षांच्या अ‍ॅनशी दुसरं लग्न केलंय आणि अकरा महिने झाले तरी तिने त्याला जवळ येऊ दिलेलं नाही. पहिल्या बायकोपासूनचा मुलगा हेन्रिक धर्मोपदेशक व्हायला निघालाय, जवळपास अ‍ॅनच्याच वयाचा आहे आणि बिचारा सावत्र आईच्याच प्रेमात पडलाय. फ्रेडरिकची जुनी प्रेयसी देझिरे, ती नटी, गावोगाव दौरे करत फिरणारी, तिचं सध्या काउंट कार्ल-मॅग्नसशी चालू आहे, हा घोडदळातला मिशीवाला अहंकारी गडी. त्याची बायको शार्लोट हे सगळं माहीत असूनही त्याच्यावर प्रेम करते आणि त्याबद्दल स्वतःलाच टोमणे मारत असते. देझिरेची आई एके काळी राजेरजवाड्यांची रखेल होती, आता चाकाच्या खुर्चीत बसून जगाला नावं ठेवते. देझिरेची तेरा-चौदा वर्षांची मुलगी आहे, तिचं नाव फ्रेडरिका, आता या नावावरून काय समजायचं ते समजा. आणि मोलकरीण पेट्रा, सगळ्यांत शहाणी.

मग म्हातारीच्या गावाकडच्या बंगल्यावर सगळ्यांना वीकेंडचं आमंत्रण जातं, सगळे एकत्र येतात आणि एका रात्रीत जोड्या सुटून नव्याने जुळतात. एवढीच गोष्ट.

म्हणजे हा आधीच एक सिनेमा होता ना?

हो. मूळ गोष्ट स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या १९५५ च्या 'स्माइल्स ऑफ अ समर नाइट'ची, पुढच्या वर्षी कान चित्रपट महोत्सवात त्याला काव्यात्म विनोदासाठी खास पुरस्कार मिळाला होता. सिनेमाचं नाटक झालं आणि नाटकाचा परत सिनेमा झाला. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरं पुसट होतात तसं काहीसं झालंय असं पहिल्यांदा बघताना वाटतं, पण ते पूर्ण खरं नाही, कारण मधली प्रत म्हणजे नाटक, ते मुळापेक्षा जराही पुसट नव्हतं.

नाटक खरंच एवढं भारी होतं का, की जुनं ते सोनं म्हणून म्हणताय?

२५ फेब्रुवारी १९७३ ला शुबर्ट थिएटरमध्ये उघडलं, ६०१ प्रयोग झाले, सहा टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार, मिळाले, त्यात सर्वोत्तम म्युझिकल, संगीत आणि संहिता हे तिन्ही आले. पण बक्षिसं सोडा. संगीतात साँडहाइमने काय केलंय ते बघा.

जवळजवळ सगळं संगीत तीनच्या हिशोबात आहे, वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा युरोपातला नाच, किंवा वॉल्ट्झची भावंडं. आपल्याकडे दादरा ऐकलेल्या माणसाला हा झोका कळायला अडचण पडू नये. आता हे नुसतं हुशारी दाखवायला केलेलं नाही. या गोष्टीत दोघांचं कुठलंच प्रकरण दोघांत राहत नाही, प्रत्येक ठिकाणी तिसरं माणूस असतंच. त्यामुळे इथली दोन माणसांची गाणी घ्या, ती गाणारी माणसं एकमेकांबद्दल गातच नाहीत. 'यू मस्ट मीट माय वाइफ'मध्ये फ्रेडरिक जुन्या प्रेयसीच्या खोलीत बसून तिला नव्या बायकोचं कौतुक ऐकवतो आणि ती गोड हसत टोले मारते. 'एव्हरी डे अ लिटल डेथ'मध्ये शार्लोट आणि अ‍ॅन गातात, विषय शार्लोटचा नवरा. 'इट वुड हॅव बीन वंडरफुल'मध्ये दोन पुरुष गातात आणि दोघांच्या डोक्यात देझिरे. ताल तीनचा, माणसं तीन. हे एकदा कानाला कळलं की मग दर गाण्यात तिसरा कुठे बसलाय हे शोधायची चटकच लागते.

ते पाच गायक कोण? नाटकाबद्दल बोलणारे लोक सारखं त्यांचं नाव काढतात.

नाटकात तीन बायका आणि दोन पुरुष असे पाच गायक आहेत, गोष्टीतल्या घडामोडींत त्यांचा थेट काही संबंध नाही. सुरुवातीला ते पियानोपाशी येऊन गळा गरम करतात, तिथून नाटक उघडतं, म्हणजे आपल्या नांदीसारखंच म्हणा. मग प्रवेशांच्या मधेमधे येतात, पात्रांकडे बघतात, त्यांच्या मनातलं गातात, आणि 'रिमेम्बर?'मध्ये जुनी लफडी आठवताना तपशिलांत गडबड करतात. सूत्रधार म्हणा, पण हा सूत्रधार स्वतःही कधीतरी याच भानगडीत पडून बाहेर आलेला आहे.

त्यांच्यामुळे प्रेक्षकाला बसायला जागा मिळते. तुम्ही या माणसांना हसता, पण जरा वरून, मायेने, कारण सोबत आणखी पाच जण हसतायत आणि त्यांनाही हे सगळं भोगून झालंय. सिनेमात हे पाचही जण काढून टाकले. माझ्या मते सिनेमाचं निम्मं दुखणं इथेच सुरू होतं. ते गेले आणि उरली काय तर श्रीमंत, रिकामटेकडी, एकमेकांना फसवणारी माणसं. आपण त्यांच्याकडे वरून बघण्याऐवजी त्यांच्यात जाऊन बसतो, आणि त्यांच्यात बसल्यावर ती तेवढी मजेदार वाटत नाहीत.

मग बिघडवला कुणी? हॉलिवूडच्या निर्मात्यांनी?

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण उत्तर आहे घरच्यांनी. दिग्दर्शक हॅल प्रिन्सच. पटकथा ह्यू व्हीलरचीच. नवी गाणी साँडहाइमनेच लिहिली. वाद्यवृंदाची मांडणी जोनाथन ट्यूनिक, कपडे फ्लॉरेन्स क्लॉट्झ, दोघंही नाटकातलेच. लेन कॅरिऊ (फ्रेडरिक), हर्मायनी गिंगोल्ड (म्हातारी) आणि लॉरेन्स गिटार्ड (काउंट) हे तिघं ब्रॉडवेवरच्याच भूमिका घेऊन आले. बाहेरच्या कुणीतरी हात लावून नासवलं असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही हो.

प्रिन्स रंगमंचावरचा राजा होता यात वाद नाही, पण सिनेमा दिग्दर्शित करायची ही त्याची दुसरीच वेळ, आधीचा १९७० मधला. रंगमंचावर त्याला एक गोष्ट फार सुंदर जमायची, रिकामी जागा भरायची. या नाटकात बोरिस अ‍ॅरन्सनच्या नेपथ्यात बर्च झाडांचे सरकणारे पडदे होते, ते सरकले की खोलीचं जंगल व्हायचं आणि माणसं झाडांमधून दिसायची, लपायची. म्हणजे लपाछपी नेपथ्यातच होती. सिनेमात खरे वाडे, खऱ्या बागा, खऱ्या बग्ग्या. सगळं खरं आल्यावर कल्पनेला काम उरलं नाही आणि कॅमेरा नुसता समोर उभा राहून बघत बसला. बरं, सिनेमाची सुरुवात मात्र थिएटरच्या रंगमंचावर होते, मग हळूच खऱ्या जगात सरकतो. ते बघून मला वाटलं आता काहीतरी खेळ होणार. नाही झाला.

स्वीडनऐवजी ऑस्ट्रिया दाखवलं तर एवढं काय बिघडलं? प्रेम कुठेही होतंच की.

प्रेम होतं, पण अशी रात्र कुठेही होत नाही.

मूळ गोष्ट स्वीडनमधली, उन्हाळ्यातली. जूनच्या शेवटी स्टॉकहोमला आजच्या घड्याळाने सूर्य रात्री दहाच्या पुढे मावळतो आणि पहाटे साडेतीनच्या सुमाराला परत उगवतो, मधे पूर्ण काळोख असा होतच नाही, एक निळसर उजेड रेंगाळत राहतो. नाटकाच्या दुसऱ्या अंकात गायक या न मावळणाऱ्या सूर्यावरच गातात. आता विचार करा, लपून भेटायचंय, पळून जायचंय, नवऱ्याला फसवायचंय, आणि अंधारच पडत नाही! कुणाला झोप नाही, कुणाला लपायला कोपरा नाही, सगळे अर्धवट झिंगल्यासारखे बागेत फिरतायत. माणसं त्या रात्री वेड्यासारखी का वागतात याचं निम्मं कारण आकाशात आहे.

म्हातारी नातीला सांगते की उन्हाळ्याची रात्र तीनदा हसते, आधी कोवळ्या पोरांना, मग मूर्खांना आणि शेवटी म्हाताऱ्यांना. परत तीन, बघितलंत ना. नात अख्खं नाटकभर त्या हसण्याची वाट बघत बसते. ते हसू या उजेडाचं आहे.

सिनेमाचं शूटिंग व्हिएन्ना आणि आसपास झालं आणि गोष्टही तिकडेच नेली. हेन्रिकचा एरिख झाला. वॉल्ट्झचं माहेर व्हिएन्नाच, त्यामुळे कागदावर ही कल्पना वाईट दिसत नाही, उलट कुणाला तरी फार सुचल्यासारखं वाटलं असणार. पण तिथे जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो आणि चांगली व्यवस्थित रात्र होते. शिवाय व्हिएन्नात वॉल्ट्झ म्हणजे रोजचंच, कुणीही नाचतं. स्वीडनच्या त्या विचित्र उजेडात तोच वॉल्ट्झ जरा भुताटकीसारखा वाटतो, व्हिएन्नात तो पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखा वाटायला लागतो.

कुठली गाणी कापली?

'लिएझॉन्स', 'इन प्रेज ऑफ विमेन', 'द मिलर्स सन'. यांच्या चाली मागे वाद्यांवर ऐकू येतात, शब्द गेले. पाच गायकांची गाणी तर त्यांच्याबरोबरच गेली.

आता गंमत बघा. गिंगोल्डबाईंना ब्रॉडवेवरून मुद्दाम आणलं, आणि म्हातारीचं एकमेव मोठं गाणं 'लिएझॉन्स', जिथे ती आपल्या जुन्या प्रियकरांचा आणि त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेचा हिशोब मांडते, तेच कापलं. गिटार्डला आणलं, त्याचं 'इन प्रेज ऑफ विमेन' कापलं. पाहुण्याला आग्रहाने जेवायला बोलवायचं आणि ताट वाढायचंच नाही यातला प्रकार.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते 'द मिलर्स सन'चं. हे पेट्राचं गाणं, नाटकाच्या शेवटाकडे येतं. पूर्ण रात्र वरच्या वर्गातली माणसं प्रेम प्रेम करत उसासे टाकतायत, आणि ही मोलकरीण नोकराबरोबर गवतात पडून उठते आणि सरळ सांगते की माझं लग्न एक दिवस होईलच, कुणाशी होईल बघू, पण तोवर जे समोरून जातंय ते मी जगून घेणार. अख्ख्या नाटकात स्वतःच्या आयुष्याचा हिशोब स्वच्छ असलेली ही एकटीच बाई, आणि तिचा तोच हिशोब कात्रीत गेला. गाणं गेल्यावर पेट्रा नुसती खिदळणारी मोलकरीण उरते.

एलिझाबेथ टेलरमुळे सिनेमा पडला असं सगळे म्हणतात. खरंय का?

सोपं उत्तर म्हणून म्हणतात. त्या वेळी टीकाकारांनी तिच्या वजनावर भरपूर लिहिलं, एका दृश्यात अशी दिसते, दुसऱ्यात तशी दिसते वगैरे. दिसतो फरक, नाही म्हणत नाही, पण त्यावरून सिनेमा पडला म्हणणं म्हणजे लग्न मोडलं आणि दोष मांडववाल्याला.

आवाजाचं म्हणाल तर टेलर झालीय देझिरे, आणि देझिरेला मोठा गळा लागतच नाही. मूळ देझिरे म्हणजे ग्लिनिस जॉन्स, तिचा आवाज घोगरा, चंदेरी, गोड, पण लांब स्वर धरून ठेवायला दम पुरायचा नाही. साँडहाइमने हे ओळखून 'सेंड इन द क्लाउन्स' तुटक तुटक छोट्या ओळींत लिहिलं, बऱ्याचशा ओळी प्रश्नांसारख्या, मधे श्वास घ्यायला जागा. तेही तालमी चालू असताना उशिरा लिहिलं, आधी त्या प्रसंगात गाणं फ्रेडरिकला द्यायचं चाललं होतं. म्हणजे उणिवेतून गाणं झालं आणि तेच साँडहाइमचं सगळ्यात गाजलेलं गाणं ठरलं. टेलरला ते झेपायला हरकत नव्हती.

माझी तिच्याबद्दलची तक्रार वेगळीच आहे. देझिरे ही दमलेली, लहान गावांतून फिरणारी नटी आहे, आगगाड्या, फालतू हॉटेलं, तेच तेच नाटक, आणि आता कुठेतरी थांबावं असं तिला वाटतंय. टेलर पडद्यावर आली की एलिझाबेथ टेलर येते. ती दमलेली असू शकते पण लहान गावातली वाटतच नाही, त्यामुळे तिला फ्रेडरिकची एवढी गरज का पडावी हेच पटत नाही. तिच्या जागी कोण हवं होतं म्हणून विचाराल तर याच सिनेमात शार्लोट झालेली डायना रिग. हे माझं मत, भांडायला मोकळे आहात.

त्या गाण्यात जोकर कुठे आहेत? मी सर्कशीची वाट बघत बसलो.

सर्कस नाहीच. देझिरे नाटकवाली आहे, ती नाटकवाल्यांच्या भाषेत बोलते. प्रयोग हातातून सुटायला लागला की विदूषकांना पाठवा, काहीतरी हसवाहसवी करा आणि वेळ मारून न्या. ती फ्रेडरिकला आपल्याबरोबर ये म्हणून विचारते, तो नाही म्हणतो, मग ती स्वतःवरच असं हसते. शेवटाकडे तिच्या लक्षात येतं की विदूषक बोलवायची गरजच नाही, ते दोघे आहेतच की. साँडहाइमनेही हे जोकर म्हणजे मूर्ख असंच समजावून सांगितलंय.

बहुतेक लोकांनी हे गाणं जुडी कॉलिन्सच्या आवाजात आधी ऐकलेलं असतं, १९७५ च्या अल्बममधलं, पुढे त्याला साँग ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. तिथे ते नुसतं उदास प्रेमगीत आहे, सुंदर आहे, पण नाटकात ते एका हुशार बाईचं हरल्यानंतरचं हसणं आहे आणि या दोन्हींत खूप फरक आहे.

एवढा वाईट होता तर ऑस्कर कसं मिळालं?

मिळालं ते संगीताच्या रूपांतरासाठी, ट्यूनिकला. आणि योग्यच मिळालं. वेशभूषेला नामांकन होतं. म्हणजे कान आणि कपडे शाबूत होते. डोळे मिटून बघितला तर हा सिनेमा बराच बरा आहे असं मी एकदा गमतीत म्हटलं होतं, आता गमतीत म्हणत नाही.

म्हणजे काहीच बघण्यासारखं नाही?

आहे ना. 'अ वीकेंड इन द कंट्री' बघा. आमंत्रण येतं, जायचं का नाही, ही जाणार तर मीही जाणार, तो जाणार तर मला जायलाच हवं, असं करत एकेक जण त्यात ओढला जातो, आणि सिनेमाला एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारता येते याचा इथे पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटचा फायदा घेतलाय. ती काही मिनिटं बघून वाटतं, अरे, यांना येत होतं की!

'नाउ', 'लेटर', 'सून' ही तीन गाणीही राहिलीत. बाप, मुलगा आणि बायको तिघं आधी वेगवेगळी गातात आणि मग एकावर एक चढतात, ते ऐकायला अजूनही अंगावर काटा येतो.

आणि 'द ग्लॅमरस लाइफ'. नाटकात या नावाचं गाणं वेगळं होतं, सिनेमासाठी साँडहाइमने ते पूर्ण नवं लिहिलं आणि ते लहान फ्रेडरिका गाते, आई दौऱ्यावर, माझी आई साधी नाही, नटी आहे, असं अभिमानाने सांगता सांगता पोरगी किती एकटी आहे ते आपोआप कळतं. हे गाणं इतकं चांगलं झालं की नंतर नाटकाच्या प्रयोगांमध्येही घेतलं गेलं. फसलेल्या सिनेमाने नाटकाला परत काहीतरी दिलं असं फार वेळा होत नाही.

डायना रिगबद्दल वर बोललोच. ती बोलायला लागली की सिनेमा दोन इंच वर उचलला जातो.

मग म्युझिकलचा चांगला सिनेमा होतच नाही असं म्हणायचं का?

अजिबात नाही. 'कॅबरे' घ्या. १९६६ मध्ये ते नाटक हॅल प्रिन्सनेच बसवलेलं. १९७२ चा सिनेमा बॉब फॉसीने केला आणि नाटकाला बिनधास्त सोलून काढलं, गाणी जवळपास सगळी क्लबच्या स्टेजवरच ठेवली, बाहेर एकच, बिअर गार्डनमधलं. सिनेमात माणसं अचानक का गायला लागतात हा प्रश्नच त्याने मिटवून टाकला. आठ ऑस्कर. 'स्वीनी टॉड' पण साँडहाइमचं, नाटकात समूहाचं गाणं केवढं महत्त्वाचं, टिम बर्टनने २००७ मध्ये तो समूह काढून टाकला आणि तरी सिनेमा उभा राहिला, कारण त्याने त्या जागी भीतीचा, रक्ताचा, काळ्या रंगाचा स्वतःचा असा खेळ आणला.

म्हणजे पाच गायक कापले याचा मला राग आहेच, पण कापल्यावर त्या जागी दुसरं काही ठेवलं असतं तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. इथे जागा तशीच रिकामी राहिली.

मी नाटक बघू शकत नाही, मग आधी काय बघू किंवा ऐकू?

१९७३ च्या मूळ ब्रॉडवे कलाकारांची रेकॉर्डिंग आधी ऐका, सलग ऐका, शफल करू नका. मग बर्गमनचा सिनेमा बघा, त्यातला तो उन्हाळी उजेड काळ्यापांढऱ्यात कसा पकडलाय ते बघण्यासारखं आहे. न्यूयॉर्क सिटी ऑपेराचा १९९० चा प्रयोग टीव्हीवर दाखवला होता, तो मिळाला तर सोडू नका. २००९ च्या ब्रॉडवे पुनरुज्जीवनात कॅथरीन झेटा-जोन्स आणि अँजेला लॅन्सबरी होत्या, झेटा-जोन्सला टोनी मिळालं, त्याचीही रेकॉर्डिंग आहे, पण आधी ग्लिनिस जॉन्स ऐकाच. तो दम अडखळतो ना मधे, त्यासाठी.

हे सगळं करून झाल्यावर सिनेमा बघू का?

बघा, रात्री उशिरा, 'वीकेंड'पर्यंत. पुढे झोप लागली तर लागली.